उघड्या गाडीची बखर

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि सुरतेच्या बाजूने बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा महामार्ग पलसाण्यापाशी एकमेकांना छेदतात. या चौफुलीवर वाहनांना तोटा नाही. कापडाच्या गाठींचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, खानदेशात निघालेल्या भरगच्च बस यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. पण एखाद्या टेंपोमागे दोरीने बांधून आणलेली, टप नसलेली, लांब नाकाची जुनी मोटार येथून जाऊ द्या. चहाच्या टपरीवरचे सारे जण उठून उभे राहतात आणि दोन मिनिटांत तिची वंशावळही तयार होते. ‘ही गायकवाड सरकारची असणार!’

हे अनुमान अगदीच निराधार नाही. पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला मुलूख. शेजारचा बारडोली तालुका इंग्रजांचा, तर पलसाणा, कामरेज, महुवा, व्यारा, सोनगड ही गावे गायकवाडांची. गायकवाडांच्या गुजरातेतील सत्तेचे पहिले ठाणे, पिलाजीरावांचे सोनगड, याच रस्त्यावर आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. येथील मराठी घरांतून मात्र ‘सरकार’ म्हटले की आजही कित्येकांना सयाजीराव महाराजच आठवतात. त्याबद्दल अभिमान असायलाच हवा. अडचण एवढीच की जुन्या मोटारींच्या बाजारात हाच अभिमान विक्रेत्याच्या वतीने बोलू लागतो. पत्रा तोच, इंजिन तेच; पण मागे ‘महाराजांची’ हे एक विशेषण लागले की किंमत दुप्पट सांगितली जाते आणि घेणारा घासाघीस करायलाही संकोचतो.

अलीकडे आपल्या भागातील मराठी कुटुंबांच्या हाती थोडा पैसा आला आहे. कोणाचा मुलगा गिरणीतला कारागीर होता, तो आता स्वतःचे युनिट चालवतो. त्याला हौस वाटते की दारात एक जुनी, उघड्या टपाची गाडी असावी. या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र असली गाडी घेणे ही नुसती खरेदी नव्हे, ते एक छोटेसे इतिहाससंशोधन आहे, आणि ते पैसे मोजण्यापूर्वी व्हावे लागते. आम्ही शाळेत मुलांना इतिहासाची तीन प्रकारची साधने शिकवतो: भौतिक, लिखित आणि मौखिक. जुन्या मोटारीचा अभ्यासही याच तीन साधनांनी करायचा असतो. फरक इतकाच की वर्गात चूक झाली तर दोन गुण जातात, येथे आयुष्याची पुंजी जाते.

आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, धुळ्याला, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली. बखर वाचायला गोड. पण तिच्यातील सन आणि नावे अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय मान्य करता येत नाहीत, हा त्यांचा आग्रह. विक्रेत्याच्या तोंडून ऐकू येते ती त्या गाडीची बखर. तिची अस्सल पत्रे कोठे असतात, ते आता पाहू.

त्याआधी ‘उघडी गाडी’ म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आज उघडी मोटार ही चैनीची खूण आहे. सुरुवातीला तशी ती नव्हती. नवसारीत जन्मलेले जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. त्या काळच्या बहुतेक मोटारी उघड्याच असत. बंद, काचेरी गाडी तेव्हा महाग होती. अमेरिकेतही १९२०च्या दशकाच्या मध्यानंतरच बंद गाड्यांची संख्या उघड्यांपेक्षा वाढली. म्हणून १९२५ची उघडी शेव्हरलेट किंवा फोर्ड दिसली, तर ती राजाचीच असली पाहिजे असे नाही. ती एखाद्या डॉक्टरची, वकिलाची, कापूस व्यापाऱ्याची असण्याचा संभव अधिक.

या गाड्यांच्या जातीही वेगवेगळ्या. ज्या गाडीच्या दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नसतात, पाऊस आला की बटणांनी कापडी पडदे लावावे लागतात, ती टूरर. जिच्या दारांना काचा असतात आणि अस्तर लावलेला जाड टप मागे घडी होऊन बसतो, ती ड्रॉपहेड किंवा कन्व्हर्टिबल. दोनच बैठकांची, हलकी, ती रोडस्टर. विक्रेता तिन्हींना सरसकट ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतो. पण त्यांची किंमत, त्यांची दुरुस्ती आणि पावसाळ्यातले त्यांचे वागणे या तिन्ही गोष्टी भिन्न आहेत.

आपल्या भागात या गाड्या आल्या त्या बहुतेक मुंबईमार्गे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्यास सुरुवात केली. फोर्डची कंपनीही मुंबईत होती. १९४७ साली वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांना येथेच गाड्या बनवायच्या आहेत त्यांनीच राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नव्हे. आणि शिवडीची जोडणी १९५४ साली थांबली. नव्या परदेशी गाड्यांची वाट आक्रसत गेली. जी होती ती गाडी चालवत राहणे भाग पडले आणि तिला जिवंत ठेवले गावोगावच्या मिस्त्रींनी. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर घडवला; इंजिन गेले तर जीपचे, अँबॅसडरचे, नाहीतर डिझेलचे बसवले. मिस्त्रींच्या या कारागिरीला नमस्कारच केला पाहिजे. पण खरेदीदाराने तिचा अर्थ ओळखावा: आपल्याकडच्या पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत मूळचे काय आणि नंतरचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

आता भौतिक साधन, म्हणजे प्रत्यक्ष गाडी. पहिला प्रश्न: ही गाडी जन्मतः उघडी आहे, की नंतर कोणी तिचे छप्पर कापले? उदाहरण म्हणून स्टँडर्ड हेराल्ड घेऊ. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१पासून इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती काढली. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या अनेकांना ती आठवत असेल. तिचे संपूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उलटते. या गाडीला स्वतंत्र चेसिस असून तिचे छप्पर बोल्टने जोडलेले असते. त्यामुळे ते उतरवणे फार सोपे. इंग्लंडात ट्रायम्फने ही गाडी कन्व्हर्टिबल रूपातही विकली. भारतात मात्र हेराल्ड मुख्यतः बंद छपराचीच बनली. म्हणून उघडी हेराल्ड समोर आली तर तीन शक्यता उरतात: बाहेरून आलेली खरी कन्व्हर्टिबल, कन्व्हर्टिबलचे भाग मिळवून नीट रूपांतर केलेली बंद गाडी, किंवा नुसते छप्पर उतरवून रंग मारलेली गाडी. ट्रायम्फच्या क्रमांकाच्या पट्टीवर अंकांनंतर अक्षरे असतात. कन्व्हर्टिबलसाठी ‘सीव्ही’, साध्या बंद गाडीसाठी ‘डीएल’. पट्टी एक सांगत असेल आणि गाडी दुसरे दाखवत असेल, तर आधी पट्टीचे ऐकावे. मात्र पट्टीही बदलता येते, म्हणून शरीरही तपासावे. खऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये पुढच्या काचेच्या चौकटीवर टप अडकवण्याच्या खुंट्या असतात, मागच्या बैठकीमागे घडी झालेला टप मावेल अशी जागा असते, आणि टपाच्या कमानी दोन्ही बाजूंना सारख्या फिरतात.

अँबॅसडर आणि फियाट यांची गोष्ट निराळी. त्यांना स्वतंत्र चेसिस नाही. सगळा पत्र्याचा पेटारा मिळूनच गाडीला बळ येते. पेटाऱ्याचे झाकण कापले की काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. गाडी मध्यभागी वाकू लागते. दारांच्या फटी वर अरुंद आणि खाली रुंद होतात, किंवा चालत्या गाडीत दारे आपोआप उघडतात. कारखान्यात बनलेल्या उघड्या गाडीत कापलेल्या छपराची भरपाई म्हणून तळाशी जादा मजबुती दिलेली असते. अनेक अमेरिकन कन्व्हर्टिबलच्या चेसिसमध्ये तर मध्यभागी गुणाकाराच्या चिन्हासारखा आडवा-तिडवा गर्डर असतो. म्हणून गाडीखाली सतरंजी टाकून, टॉर्च घेऊन पाहावे. मग चारही दारे उघडून हळूच लावून पाहावीत. नंतर गाडीचे एक चाक जॅकवर उचलावे आणि दार पुन्हा लावावे. ते अडकले, तर तिच्या कण्यात दोष आहे असे समजावे.

वरघोड्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या सोनेरी-पांढऱ्या ‘विंटेज’ गाड्या आपण सारेच पाहतो. त्यांतील पुष्कळ जीपच्या किंवा अँबॅसडरच्या सांगाड्यावर नव्याने चढवलेली बॉडी असतात. वरातीपुरत्या त्या शोभतात आणि त्यात फसवणूक काही नाही. तीच गाडी ‘१९३०ची’ म्हणून विकायला निघाली, की मग फसवणूक सुरू होते.

गंज हा दुसरा शोध. आपल्याकडचा पावसाळा आणि समुद्राकडची खारी हवा उघड्या गाडीला फार छळते. पाणी टपातून आत येते आणि पायाखालच्या गालिच्याखाली साठते. गालिचा उचलून पत्रा पाहावा. दाराखालचा उंबरठा, चाकांवरच्या कमानी, हेराल्डसारख्या गाडीत चेसिसपासून बाजूला निघालेले आधार, येथे बोटाने दाबून पाहावे. लोहचुंबकाला मऊ कापड गुंडाळून तो पत्र्यावर फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. फार जुन्या, हाताने बांधलेल्या बॉडीत पत्र्याखाली लाकडी चौकट असते. आपल्या देशात त्या लाकडाचा शत्रू वाळवी. दाराच्या कडेला टोकदार काडी टोचली आणि ती सहज आत गेली, तर खर्च सुताराचाही आहे हे ध्यानात घ्यावे.

चेसिस क्रमांकाकडे मी शिलालेखाकडे पाहावे तसा पाहतो. शिलालेखाचा ठसा घेतात, तसा या क्रमांकावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासावी. आरटीओतही ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टी ठशात उमटतात: एखादा अंक ओळीतून सरकलेला, दोन अंकांचे वळण वेगळे, आजूबाजूचा पत्रा घासून गुळगुळीत केलेला. इंजिन क्रमांकाचाही ठसा घ्यावा. वेगदर्शकाची तबकडी मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हेही पाहावे. आपल्याकडे मेट्रिक मापे १९५६च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. तेव्हा ‘१९४८पासून काही बदललेले नाही’ म्हणणाऱ्या भारतीय गाडीत किलोमीटरची तबकडी असेल, तर निदान एक गोष्ट नक्कीच बदललेली आहे.

यानंतर लिखित साधने. आपल्या भागातील गाडीच्या कागदांत राजवटी बदलताना दिसतात. १९४९पूर्वीची गाडी असेल तर ती बडोदे संस्थानात नोंदलेली होती की मुंबई इलाख्यात? पलसाणा आणि बारडोली यांच्यातले अंतर थोडे, पण तेव्हा सरकारे दोन होती. १९६०पर्यंत दोन्हीकडे मुंबई राज्य, त्यानंतर गुजरात. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि जीजे, एमएच अशा अक्षरांची मालिका सुरू झाली. सुरतेला ०५, बडोद्याला ०६, बारडोलीला १९. म्हणून जीजे-०५ची पाटी लावलेली १९५०ची गाडी दिसली, की विचारावे: आधीचा क्रमांक कोणता? नवा क्रमांक केव्हा आणि का मिळाला? मधल्या काळात गाडी कोठे होती? आरसी बुकात मालकांची नावे ओळीने असतात. त्या ओळीत जेथे वीस वर्षांचे अंतर पडते, तेथेच बहुधा गाडीच्या आयुष्यातली मोठी घटना दडलेली असते: अपघात, भंगारवाला, नाहीतर दोन गाड्यांची एक गाडी.

परदेशी गाडीचे जन्मटिपणही मिळू शकते. इंग्लंडात गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ अशा अनेक गाड्यांच्या कारखान्यातील नोंदींवरून दाखला देते. त्यात बांधणीची तारीख, इंजिन क्रमांक, मूळचा रंग, कोठे पाठवली असा तपशील असतो. रोल्स-रॉइसची पद्धत आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती कंपनी फक्त चेसिस आणि इंजिन देई; बॉडी हूपर, बार्कर यांच्यासारखे कारागीर बांधत. त्या चेसिसच्या नोंदपत्रांचा संग्रह तेथील रोल्स-रॉइसप्रेमींच्या क्लबने जतन केला आहे. एकाच चेसिसवर आधी बंद आणि नंतर उघडी बॉडी चढलेली असू शकते, म्हणून ते नोंदपत्र पाहिल्याविना ‘मूळचीच उघडी’ हे विधान कोणी करू नये.

कायद्याची बाजू अधिकच निकडीची आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न झालेली गाडीच त्यात बसते. गाडी तपासण्यासाठी राज्याची समिती असते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि नोंदणीची मुदत १० वर्षे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नव्हे. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि त्यासाठी लागणारे इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे छप्पर कापलेली फियाट या सवलतीला मुकू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसी बुकात ‘सलून’ आणि दारात उघडी गाडी, अशी स्थिती असेल तर तो प्रश्न विक्रेत्याने आधी सोडवून द्यावा. विकत घेतल्यावर तो आपला होतो.

शेवटी मौखिक साधन, म्हणजे ती ‘महाराजांची’ गोष्ट. ती हसण्यावारी नेऊ नये, पण तिला प्रश्न विचारावेत. २०२५ साली एका कौटुंबिक वादाच्या निमित्ताने १९५१ची एक रोल्स-रॉइस सर्वोच्च न्यायालयापर्यंत चर्चेत आली. पंडित नेहरूंनी बडोद्याच्या महाराणींसाठी ती बनवून घेतली, असे त्या प्रकरणात सांगितले गेले. त्या गाडीविषयी निवाडा करणे हे आपले काम नव्हे. पण असे विधान ऐकताच इतिहासाचा विद्यार्थी काय विचारेल? पहिला प्रश्न: कोणत्या महाराणी? १९५१ हेच वर्ष असे आहे की त्या वर्षी केंद्र सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि फत्तेसिंहराव गादीवर आले. शांतादेवी, सीतादेवी आणि पद्मावतीदेवी, या तिघींचाही उल्लेख त्या सुमारास ‘बडोद्याच्या महाराणी’ असा होऊ शकतो. दुसरा प्रश्न: कोणत्या महिन्यात? तिसरा: पैसे कोणी दिले आणि पावती कोणाच्या नावे? इतके प्रश्न विचारणे हा बडोद्याच्या गादीचा अनादर नव्हे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी ज्या दरबारात नोकरी केली, त्या दरबाराविषयी बोलताना तरी आपण पुरावा मागायला लाजू नये.

याउलट उदाहरण कोल्हापूरचे. तेथील छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात हजारो लोकांसमोर येते. गाडी त्याच घराण्याकडे, त्याच गावात, सर्वांच्या डोळ्यांसमोर. तिची कथा सिद्ध करायला कोणाची गरज नाही. खरी परंपरा अशी अखंड असते. जी गाडी ‘राजवाड्यातून निघाली’ पण मधल्या पन्नास वर्षांत कोणीच पाहिली नाही, तिची परंपरा तुटलेली आहे. १९७१ साली तनखे बंद झाल्यावर संस्थानिकांच्या गाड्या खरोखरच बाहेर पडल्या, हे खरे. पण त्याच सत्याच्या आडोशाने कित्येक साध्या गाड्यांनाही राजवस्त्रे मिळाली.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी घरी बसून त्या जातीच्या गाडीचा अभ्यास करावा. अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांचा मोठा संग्रह आहे, तो एकदा पाहून डोळा तयार करावा. मग गाडी दिवसा, कोरडी असताना पाहावी. नुकती धुतलेली गाडी दोष लपवते. एक जुना मिस्त्री सोबत न्यावा, आणि तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा. क्रमांकांचे ठसे, आरसी बुकाची प्रत, ‘वाहन’ पोर्टलवरील नोंद, कर, विमा, कर्जाचा बोजा, गाडी दुसऱ्या आरटीओची असल्यास ना-हरकत दाखला, हे सारे ताडून पाहावे. नवीन टप, त्याच्या कमानी, दारांची रबरे यांचा खर्च वेगळा लिहून काढावा. उघड्या गाडीत ही किरकोळ वाटणारी बाब पुष्कळदा इंजिनाइतकी जड जाते. हे झाल्यावरच बयाणा द्यावा.

इतके करून समजा असे निघाले, की गाडी महाराजांची नाही. नवसारीच्या एखाद्या डॉक्टरांची होती, नंतर बारडोलीच्या कोणा शेतकऱ्याने घेतली, दोनदा इंजिन बदलले आणि शेवटी ती गोठ्यात पडून राहिली. मग ती टाकाऊ ठरली का? मुळीच नाही. किंमत कमी झाली, एवढेच. आणि ती योग्य किमतीवर आली. या मुलखातला इतिहास काही फक्त राजवाड्यांत घडला नाही. रात्री-अपरात्री कच्च्या रस्त्याने रुग्णाकडे जाणारा डॉक्टर आणि लेथवर भाग घडवून तीच गाडी पुढची वीस वर्षे चालती ठेवणारा मिस्त्री हे दोघेही त्या इतिहासात आहेत. त्यांची नावे आरसी बुकात आणि गॅरेजच्या मळक्या वहीत सापडतील. गाडी घेताना ती नावे वेगळ्या कागदावर उतरवून, कागदांच्या प्रतींसह एका फाइलीत ठेवावीत. उद्या आपल्या नातवाने गाडी विकायला काढली, तर घेणाऱ्याला बखर सांगण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. त्याने ती फाइल पुढे करावी.